तीनदा ‘दिलं’

१

मोठ्या बाई गेल्या त्या खुर्चीत बसल्या बसल्याच. सकाळची फेरी व्हायची होती, अंगात शस्त्रक्रियेचा पांढरा झगा होता, बाह्यांच्या नाड्या मनगटांशी बांधलेल्या होत्या आणि टेबलावरच्या कपात अर्धा चहा निवून गेला होता. वीस वर्षं ज्या बाईंच्या हाताखाली अख्खा दवाखाना चालला, त्या मान एका बाजूला टाकून अशा बसल्या होत्या, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, डुलकी लागली असेल.

पण चेहरा बाईंचा नव्हता. आदल्या संध्याकाळी साठीची दिसणारी बाई सकाळी ऐंशीच्या पुढची झाली होती. गाल आत गेलेले, केस विरळ, हातांवर डागच डाग.

धाकट्या वैद्यांनी डाव्या बाहीची नाडी सोडली आणि ते चार पावलं मागे सरकले. मनगटाभोवती लाल कडं उमटलं होतं, दोऱ्याइतकं बारीक. असं कडं म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी निरोप धाडला आणि दुपारी तपासनीस हजर झाली.

तपासनीस पन्नाशीची, ठेंगणी, कमी बोलणारी बाई होती. निषिद्ध विद्यांच्या खात्यात तिची तेवीस वर्षं गेली होती. तिच्याकडे बहुतेक प्रकरणं एकाच विद्येची यायची. तिला लोक पालट म्हणत, म्हणजे एकाचा श्वास काढून दुसऱ्याला देणं. त्याला तीन माणसं लागत. देणारा, घेणारा आणि मंत्र म्हणणारा. एकाच दोऱ्याचे दोन तुकडे करायचे, एक देणाऱ्याच्या डाव्या मनगटाला बांधायचा, दुसरा घेणाऱ्याच्या उजव्या. मंत्र चालू असताना देणाऱ्याने शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने तीनदा ‘दिलं’ म्हणायचं. मग दोरा जळून जातो आणि दोघांच्या मनगटांवर लाल कडं राहतं. देणारा कधी तिथेच जातो, कधी चार-पाच दिवसांत विझतो. मंत्र म्हणणाऱ्याच्याही जिभेची चव जाते. गोड, कडू, खारट, काहीच लागत नाही. एकदाच केलं असेल तर महिनाभराने चव परत येते.

“घेणारा सापडलाय का?” तिने विचारलं.

धाकटे वैद्य तिशीचे होते, उंच आणि खांद्यात वाकलेले. त्यांनी मान डोलावली. “मुलांच्या दालनात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. चिमणी म्हणतात तिला सगळे. चार दिवस डोळे उघडत नव्हती. काल रात्री मीच तिच्या आईला सांगितलं, की आता आशा धरू नका. आज सकाळी उठून बसली आणि खायला मागितलं.”

“उजव्या मनगटावर कडं?”

“आहे.”

तपासनीसने प्रेताच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मनगटावर रुंद चामडी पट्टा होता.

“शस्त्र धरताना हात स्थिर राहावा म्हणून घालायच्या,” वैद्य म्हणाले. “तुम्ही मंत्र म्हणणारा शोधणार ना आता?”

“तो शोधेनच. पण कायदा तुम्हाला पूर्ण माहीत नाही वाटतं.” तिने प्रेतावर चादर ओढली. “देणारा राजीखुशीने देवो नाहीतर जबरदस्तीने, पालटलेला श्वास घेणाऱ्याकडे ठेवता येत नाही. उद्या दुपारी बारा वाजता रितं करणारे येतील.”

“रितं?”

“तिच्यातून तो श्वास काढून घेतील. मग ती काल होती तशी होईल.”

वैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निरोप त्यांनीच धाडला होता.

२

चिमणीची आई त्याच दवाखान्यात चादरी धुवायच्या कामाला होती. तिचे हात सोड्याने पांढरे पडले होते आणि ती बोलताना ते पदराखाली लपवत होती. तपासनीस खुर्चीत टेकते न टेकते तोच ती म्हणाली, “मी केलं. मंत्र मीच म्हटला. मला न्या, पोरीला हात लावू नका.”

तपासनीसने वाद घातला नाही. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून दोघींसाठी भाजीचं सूप आलं होतं, त्यातला एक वाडगा तिने आईपुढे सरकवला. “सकाळपासून काही खाल्लं नसेल. आधी हे घ्या.”

आईने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. तपासनीसनेही चमचाभर घेतलं, मग पाण्याचा पेला उचलला. इतकं खारट, की जीभ आखडली.

“इथलं असंच असतं,” आई ओशाळून म्हणाली. “मावशी स्वतः मीठ घालतात, कोण बोलणार त्यांना. पेशंट गमतीत म्हणतात, इथून लवकर बरं होऊन पळायचं कारण म्हणजे सूप.”

“कोण मावशी?”

“मोठ्या बाईंची बहीण. दालनं, स्वयंपाकघर, कपडे, सगळं त्याच बघतात. बाईंच्या धाकट्या त्या, पण दिसतात मोठ्या. बिचाऱ्यांनी फार दगदग सोसली.”

“तुमची चव ठीक आहे,” तपासनीस म्हणाली, “म्हणजे मंत्र तुम्ही म्हटलेला नाही. आणि म्हटला असता, तरी पोरगी सुटली नसती. तेव्हा उगीच स्वतःला गोवू नका. खरं काय पाहिलं ते सांगा.”

आईचा धीर सुटला. ती बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, “पाहिलं काही नाही. ऐकलं. सकाळी मी धुतलेल्या चादरी मांडायला बाईंच्या खोलीबाहेरच्या फडताळापाशी होते. दार लोटलेलं होतं. आतून बाईंचा आवाज आला, ‘दिलं’. मग जरा वेळाने परत, ‘दिलं’. आणि मग तिसऱ्यांदा.” तिने हात जोडले. “माझ्या पोरीसाठी म्हणाल्या हो त्या. मी धुणंवाली, आणि माझ्या पोरीसाठी त्यांनी जीव दिला. तो तुम्ही परत कसा काढून घेता?”

तपासनीसने असा प्रश्न आधीही ऐकला होता. तीन वर्षांपूर्वी एका भावाने भावाला श्वास दिला होता. धाकटा वाचला होता, रीतसर कामावरही जायला लागला होता. त्याला रितं करताना ती कोपऱ्यात उभी होती, कारण तपासनीसने हजर राहावं असा नियम होता. त्यानंतर आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तरी ती खात्यात राहिली. तिची पणजी एका श्रीमंताच्या घरात ‘देणारी’ म्हणून ठेवलेली होती. तिथे नोकरांना ‘दिलं’ म्हणायला शिकवत, पोपटाला शिकवतात तसं. राजीखुशी हा शब्द त्या घरांमध्येच सगळ्यांत जास्त वापरला जायचा. म्हणून कायद्याने तो शब्दच काढून टाकला होता.

“बाईंचा आवाज कसा होता?” तिने विचारलं. “रडवेला? घाबरलेला?”

आईने आठवून पाहिलं. “नाही. नेहमीसारखा. उलट जरा वैतागलेला. तिसऱ्यांदा तर म्हणाल्या, ‘दिलं, म्हटलं ना’.”

तपासनीसची लेखणी थांबली.

३

स्वतःचा जीव देणारं माणूस वैतागून बोलत नाही. ‘म्हटलं ना’ हे तर कुणी पुन्हा पुन्हा विचारलं तरच तोंडातून निघतं. खोलीत आणखी कुणीतरी होतं, हे उघड होतं. मंत्र म्हणणारा असणारच. पण तो मंत्र म्हणता म्हणता बाईंना असं काय विचारत होता, की त्या कंटाळल्या?

तिने धाकट्या वैद्यांना औषधांच्या खोलीत गाठलं. ते बाटल्या पुसत होते. आधीच स्वच्छ असलेल्या.

“सूप घेतलंत का दुपारी?”

“इथलं सूप कोण पितं?” ते म्हणाले. “घरून डबा आणतो मी.”

“एक चमचा घ्या माझ्यासाठी.”

त्यांनी घेतलं, आणि ठसका लागून बेसिनकडे धावले. म्हणजे हेही नाहीत, तिने मनात नोंदवलं.

“चिमणीला काय झालं होतं?”

“साधा ताप. दहा दिवसांपूर्वी आली आणि चांगली बरी होत होती. पायऱ्यांवरून उड्या मारायची, मावशींचा ओरडा खायची. चार दिवसांपूर्वी दुपारी एकाएकी कोसळली. मी सगळं तपासलं. काही सापडेना. दिव्यातलं तेल संपावं, तशी.”

“बाई काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, असं होतं कधीकधी.” ते थांबले. “खरंच होतं इथे कधीकधी. पाच वर्षांत मीच तीनदा पाहिलंय.”

“बाईंचं वय किती होतं?”

“साठ? बासष्ट? विचारायची कुणाची हिंमत. माझं पोट बाईंनीच चिरलं होतं, मी एकवीसचा होतो तेव्हा. नऊ वर्षं झाली. तेव्हाही अशाच होत्या. एवढासा फरक नाही. हात तर असा चालायचा, की आम्ही तरुण माणसं बघत राहायचो.”

तपासनीसला आल्यापासून एक गोष्ट खुपत होती, ती आता नीट समोर आली. तेवीस वर्षांत तिने श्वास देऊन मेलेली पुष्कळ माणसं पाहिली होती. ती थंड पडतात, ओठ निळे होतात, बस्स. तिशीतला मेला तर तिशीतलाच दिसतो. दिल्याने कुणी म्हातारं होत नाही.

मग ही बाई कशाने झाली?

४

मावशी स्वयंपाकघरात होत्या. बाहेर दिवस कलायला लागला होता आणि त्या पेशंटच्या संध्याकाळच्या जेवणाचे वाडगे ओळीत लावत होत्या. पाठ वाकलेली, तोंडभर सुरकुत्या. बहीण गेली त्याच दिवशी काम कसं करवतं, असं कुणीतरी विचारलं असावं, कारण तपासनीस आत येताच त्या म्हणाल्या, “पस्तीस माणसं जेवायची आहेत, बाई. ती थोडीच थांबणार.”

“तुम्हीही घ्या की थोडं. मी बसते सोबत.”

मावशींनी स्वतःसाठी वाडगा भरला आणि उभ्या उभ्याच, शांतपणे, तळापर्यंत संपवला. तपासनीस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. एक सुरकुती हलली नाही.

“तुमचं वय काय, मावशी?”

“एकाहत्तर.”

“आणि ताईंचं?”

मावशींच्या हातातला वाडगा टेबलावर जरा जोरात टेकला. “माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. तिनेच मला अंगाखांद्यावर वाढवलं.”

चौऱ्याऐंशी. तपासनीसने हिशेब केला. खुर्चीतली ती बाई म्हातारी झालेली नव्हतीच. ती आपल्या खऱ्या वयाची दिसत होती. खोटं होतं ते तिचं वीस वर्षांचं साठीचं तोंड.

ती जवळजवळ धावतच प्रेताच्या खोलीत गेली. दुपारी तिने डाव्या मनगटावरचं कडं पाहिलं होतं आणि तिथेच थांबली होती. हवं ते सापडलं की माणूस पुढे शोधत नाही, हे ती नव्या तपासनीसांना स्वतः शिकवायची. आता तिने उजव्या हातावरचा चामडी पट्टा सोडला.

खाली कडीच कडी होती. एकावर एक, काही पुसट, काही गडद, मनगटापासून चार बोटं वरपर्यंत. तिने मोजली, मग दिवा जवळ घेऊन पुन्हा मोजली. अकरा.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिमणीच्या खाटेपाशी बसली. पोरगी पाय हलवत बिस्किट खात होती. उजव्या मनगटावर लाल कडं होतं. डाव्या हाताला पट्टी गुंडाळलेली होती.

“ही कशाची?”

“रक्त काढलं ना तिथून. मोठ्या बाईंनी स्वतः बांधली. म्हणाल्या, सोडायची नाही.”

“मी सोडू?”

चिमणीने हात पुढे केला. पट्टीखाली टोचल्याची खूण नव्हती. तिथेही कडं होतं, कडेने तपकिरी पडत चाललेलं, पाच दिवसांचं.

“चिमणे, तू कोसळलीस त्या दुपारी मोठ्या बाईंनी तुला काही म्हणायला सांगितलं होतं का?”

“हो. तीनदा ‘दिलं’ म्हण, म्हणजे ताप कायमचा जाईल. मी विचारलं, काय दिलं? तर म्हणाल्या, ताप दिला, असं समज.” पोरगीने बिस्किटाचा चुरा झटकला. “आणि मावशी गाणं म्हणत होत्या, हळू आवाजात.”

पलीकडे उभी असलेली आई खाली बसली, जमिनीवरच.

घड्याळात साडेदहा झाले होते. तपासनीसने मावशींना आणि धाकट्या वैद्यांना मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

“बारा वाजता माणसं येतील,” ती म्हणाली. “त्याआधी मी सांगते ते ऐका. चुकलं तर थांबवा. चिमणीला कुणी श्वास दिलेला नाही. तो तिचाच होता. पाच दिवसांपूर्वी मोठ्या बाईंनी तो तिच्याकडून घेतला आणि काल तो परत गेला. वीस वर्षांत बाईंनी चिमणी धरून अकरा जणांचा श्वास घेतला. म्हणून साठीला पोचल्यावर त्या पुढे सरकल्याच नाहीत. काल कोंडलेलं सगळं एकदम सुटलं आणि त्या आपल्या वयाला आल्या.”

मावशी सरळ बघत होत्या.

“पण पालटाला तिसरं माणूस लागतं. अकरा वेळा कुणीतरी मंत्र म्हटला. एकदा म्हटला तर महिनाभर चव जाते. अकरा वेळा म्हटला तर कायमची जाते. मावशी, तुम्हाला मीठ किती वर्षांपासून लागत नाही?”

“सोळा,” मावशी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

“काल परत फिरवणाराही तुम्हीच. फक्त एक कोडं होतं. बाईंच्या तोंडून ‘दिलं’ कसं वदवलंत? त्या मूर्ख नव्हत्या, आणि द्यायची त्यांची इच्छा नव्हती. मग चिमणीच्या आईचं बोलणं आठवलं. ‘दिलं, म्हटलं ना’. रोज सकाळी झग्याच्या नाड्या बाईंना कोण बांधून द्यायचं?”

“मी,” मावशी म्हणाल्या. “तिला एका हाताने बांधता यायचं नाही. मी बांधता बांधता गुणगुणायचे, तिला सवय होती. काल तेवढ्याच हळू मंत्र म्हटला आणि डाव्या नाडीत दोरा होता. चिमणीला दुसरा तुकडा आधीच बांधून आले होते, ती बेशुद्धच होती. मग विचारलं, आठ नंबरला औषध दिलं? म्हणाली, दिलं. बारा नंबरला? दिलं. मग परत आठ नंबरचं विचारलं.” त्यांनी ओठ ओले केले. “ऐकू येत नाही का तुला, दिलं, म्हटलं ना. हे तिचं शेवटचं बोलणं. माझ्यावर वैतागूनच गेली.”

६

मग मावशींनीच सुरुवात केली.

“पहिला एक सुतार होता. आतून सगळा सडलेला, वेदनांनी ओरडायचा. त्यानेच हात पुढे केला. म्हणाला, बाई, माझे दोन महिने उरलेत, ते मला नकोत, तुम्ही घ्या आणि माणसं वाचवा. ताईचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. दुसऱ्या दिवशी थरथर गेली. तुम्ही सांगा, त्यात काय वाईट होतं? मला आजही सापडत नाही.”

“आणि दुसरा?”

“दुसऱ्याला विचारलं नाही. म्हणायला लावलं. ताई म्हणाली, हा जाणारच आहे, आठवडाभरात. मग सगळेच जाणारे. ती म्हणायची आणि मी मानायचे. ती वैद्य, मी कोण? जाणाऱ्यांकडे फारसं उरलेलं नसतं, हे मला समजायला हवं होतं. दोन महिने, तीन महिने. तेवढ्यावर ती वर्ष-दोन वर्षं कशी काढत होती?” त्यांनी झग्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. “चिमणीची चादर बदलताना गादीखाली हा सापडला. मंत्र म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी.”

तपासनीसने उलगडला. मोठ्या बाईंचं वळणदार अक्षर होतं. ‘ताप उतरला. उद्या घरी सोडावे.’ तारीख चिमणी कोसळली त्याच दिवसाची, सकाळची.

“म्हणजे तिला माहीत होतं,” मावशी म्हणाल्या. “पोरगी ठणठणीत होती आणि तिला माहीत होतं. मग आधीचे किती जण ठणठणीत होते? मी तीन दिवस विचार केला. जाब विचारला असता तर तिने मला समजावलं असतं. ती नेहमी समजवायची, आणि मला नेहमी पटायचं.”

धाकटे वैद्य एकदम पुढे आले. “तपासनीसबाई, नैसर्गिक मृत्यू लिहा. म्हातारपणाने गेल्या, हे खोटं तर नाही ना? चिमणी वाचेल, मावशी वाचतील, दवाखाना वाचेल. कुणाचं बिघडतं?”

“दहा घरांचं.”

“त्यांची माणसं परत येणार आहेत का? आणि दुसरी बाजू नाही का मोजणार? वीस वर्षांत बाईंच्या हातून शेकडो माणसं उठून घरी गेली. त्यातला एक मी. नऊ वर्षांपूर्वी त्या कुणाच्या श्वासावर उभ्या होत्या, मला माहीत नाही. पण त्या उभ्या होत्या म्हणून मी उभा आहे. मग मलाही रितं करणार?”

“कायद्यात तसं नाही.”

“मी कायद्याचं विचारत नाहीये.”

तपासनीस मावशींकडे वळली. “एक सांगा. काल दुपारपासून तुम्हाला माहीत होतं, की चिमणीला रितं करणार आहेत. तुम्ही एक शब्द बोलला असता तर ती सुटली असती. का नाही बोललात?”

मावशींच्या चेहऱ्यावरची सुरकुती आता पहिल्यांदा हलली.

“बारापर्यंत वेळ होता,” त्या म्हणाल्या. “बोलले असते, असं मी रात्रभर स्वतःला सांगत होते. पण पोरगी वाचावी म्हणून सख्ख्या बहिणीला मारलं, आणि त्याच पोरीसाठी तोंड उघडायला माझ्याने होईना. ताईचं नाव जाईल, म्हणून. तुम्ही आला नसता तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.” त्यांनी हात पुढे केले. “माझं लिहा. ताईचं नाही लिहिलंत तर उपकार होतील.”

तपासनीस टेबलाशी बसली. दौतीचं झाकण उघडून लेखणी हातात घेतली आणि पहिल्या ओळीत मोठ्या बाईंचं नाव लिहिलं.

बाराच्या ठोक्याला रितं करणारे दोघं करड्या कपड्यांत आले. तिने दारातच त्यांच्या हातात कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चिमणीची दोन्ही मनगटं पाहिली आणि आले तसे गेले. आई पोरीला कवटाळून बसली होती, ती त्यांनी पाठ फिरवल्यावरही कितीतरी वेळ हात सोडेना.

मंत्र म्हणणाऱ्याचा आवाज कायमचा काढून घेतात, अशी शिक्षा आहे. त्याआधी तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत मावशींनी उरलेल्या दहा जणांची नावं सांगितली. नुसती नावं नाहीत, कोण कुठल्या खाटेवर होता, कुणाला भेटायला कोण यायचं, सगळं. तपासनीस लिहीत राहिली. चौथ्या दिवशी मावशींचा आवाज गेला. दवाखान्याच्या दारावरची बाईंच्या नावाची पाटी लोकांनीच उतरवली. धाकट्या वैद्यांनी कुलूप लावू दिलं नाही. पस्तीस पेशंट होते, ते आता वीसच उरले.

दहा घरांना पत्रं गेली. पाच घरांतून काहीच उत्तर आलं नाही. एका घरातून पत्र न फोडता परत आलं.

महिन्याभराने एक दगड फोडणारा माणूस खात्यात आला. साठीचा, बोटं जाड, टोपी हातात धरलेली. त्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. खाणीत पाय मोडून दवाखान्यात गेला होता, सात वर्षांपूर्वी.

“पत्रात एक लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “तो जाणारच होता का? की घरी आला असता?”

तपासनीसने त्याच्याकडे पाहिलं. जाणारच होता, एवढे दोन शब्द पुरले असते. तो ते घेऊन घरी गेला असता आणि बायकोला सांगून झोपला असता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “माहीत असण्यासारखं एकच माणूस जिवंत आहे. यायचं का तुम्हाला?”

मावशींची खोली तुरुंगाच्या मागच्या अंगाला होती. भिंतीला एक पाटी टांगलेली आणि खडूचा तुकडा. दगड फोडणारा दारातच उभा राहिला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांना नुसती मान हलवायची होती, इकडे किंवा तिकडे. तपासनीसला वाटलं, आता हलवतील, होकारार्थी, म्हाताऱ्यावर दया म्हणून.

मावशींनी मान हलवली नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि रिकामे तळवे त्याला दाखवले.

तो माणूस बराच वेळ त्या तळव्यांकडे बघत राहिला. तपासनीस त्याच्यापासून एका पावलावर उभी होती, तो अंगावर धावून गेला तर अडवायला. तो गेला नाही. त्याने भिंतीकडचं स्टूल ओढलं, त्यावर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

“मग त्याचं जे आठवतं ते तरी सांगा,” तो म्हणाला. “आम्हाला भेटायला फार येता आलं नाही. खाण लांब पडते.”

मावशींनी खडू उचलला. अक्षर वेडंवाकडं येत होतं. त्यांनी लिहिलं, ‘त्याला खिडकीजवळची खाट हवी होती. मी दिली.’

दगड फोडणाऱ्याला वाचता येत नव्हतं. तपासनीसने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, पाटी पुसली आणि मावशींच्या हातात परत दिली.